खाडा पडला म्हणून जागा जावी काय?

बी. ए. (द्वितीय वर्ष)

मांजरसुंब्याच्या मुलाने फुटबॉलवर लेख लिहावा याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमच्या गावाचे नाव निघाले की लोकांना घाट आठवतो, फाट्यावरची हॉटेले आठवतात, नाही तर कपिलधारची वाट आठवते. फुटबॉलचे मैदान सोडाच, चेंडूसुद्धा आम्हा पोरांत एकच आहे, आणि तोही दोन महिन्यांतून एकदा बाभळीच्या काट्याने बसतो. तरीपण या लेखाचा विषय फुटबॉलच आहे. निदान सुरुवात तरी तेथून आहे. शेवट कोठे होतो ते वाचकांनीच पाहावे.

मी संध्याकाळी फाट्यावरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसतो. एका शनिवारी रात्री गिऱ्हाईक कमी होते. आचारीमामा, वाढपी पोरगा आणि मी मोबाईलवर इंग्लंडमधला एक सामना पाहत होतो. मधल्या सुट्टीत मी त्यांना एक वाचलेली गोष्ट सांगितली. तिकडच्या काही मोठ्या क्लबांनी असा नियम केला आहे की, ज्याच्याकडे सबंध हंगामाचे तिकीट आहे त्याने ठराविक सामन्यांना हजर राहिलेच पाहिजे. नाही राहिला तर पुढच्या वर्षी ते तिकीट त्याला मिळेलच असे नाही. झाले! दोघांत वाद जुंपला. आचारीमामा म्हणाले, "पैसे भरले ना त्यानं? मग खुर्ची त्याची. तो येईल नाही तर घरी झोपंल. क्लबला काय करायचं?" वाढपी पोरगा म्हणाला, "मामा, एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकला अन् माणूस आलाच नाही, तर उभ्या माणसानं रुमालाकडं बघत बीडपर्यंत जायचं काय?"

दोघांचेही म्हणणे मला खरे वाटले, आणि म्हणूनच झोप आली नाही. सातासमुद्रापलीकडच्या त्या खुर्चीशी माझे काही देणेघेणे नाही. पण हजेरी, खाडा आणि जागा हे तीन शब्द मात्र माझ्या घरातले आहेत.

प्रथम हे हंगामी तिकीट काय असते ते सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. म्हणजे वर्षाचे ३८ सामने, आणि त्यांतले १९ घरच्या मैदानावर. या १९ सामन्यांचे पैसे हंगामापूर्वीच भरले की एका ठराविक क्रमांकाची खुर्ची वर्षभर आपली होते. आपल्याकडे एस.टी.चा मासिक पास असतो, तसेच हे. फरक इतकाच की, पास असला तरी आपल्याला दाराशी लोंबकळावे लागते. तिकडे खुर्ची पक्की असते. शिवाय दर वर्षी नूतनीकरणाचा पहिला हक्क जुन्या माणसाचाच. त्यामुळे बाप ज्या खुर्चीवर बसला तिच्यावर पुढे मुलगा बसतो, असेही पुष्कळ ठिकाणी घडते. आपल्याकडे सातबारा जसा, तशी त्यांची ही खुर्ची.

पूर्वी ही टंचाई एवढी नव्हती. लोक फाटकावर पैसे देत आणि पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहून सामना पाहत. पुढे १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर भयंकर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात लिव्हरपूल संघाचे ९७ पाठीराखे प्राणास मुकले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि वरच्या श्रेणीच्या मैदानांवर उभे राहण्याच्या जागा जाऊन सर्वत्र खुर्च्या आल्या. माणसाचा जीव सुरक्षित झाला, हे उत्तमच झाले. पण खुर्ची म्हटली की मोजदाद आली, क्रमांक आला, भाव आला, आणि जे आत मावले नाहीत त्यांची प्रतीक्षायादी आली. मोठ्या क्लबांच्या या याद्यांत हजारो नावे असतात. माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात.

आता अशा यादीतला एखादा तरुण घरी बसून सामना पाहत आहे अशी कल्पना करा. कॅमेरा फिरतो आणि त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्याच्या जिवाला काय वाटत असेल? तेव्हा क्लबाने म्हटले की, १९ पैकी अमुक इतके सामने तरी पाहाच, नाही तर दुसऱ्याला येऊ द्या, तर त्यात सकृद्दर्शनी अन्याय दिसत नाही. दुसरेही एक कारण आहे. काही लोक खेळाच्या प्रेमाने नव्हे तर धंद्यासाठी तिकिटे धरून ठेवतात आणि मोठ्या सामन्याला काळ्या बाजारात विकतात. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटे अशी परवानगीवाचून विकणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. हजेरीच्या नियमाने अशा लोकांना चाप बसतो. आता तिकीट मोबाईलमध्ये असते, फाटकावर यंत्र असते. कोण कितीदा आले याचा हिशेब आपोआप लागतो.

पण क्लब काही धर्मादाय संस्था नव्हे. जुना पाठीराखा कमी भावात बसतो, घरून खाऊन येतो आणि सामना संपला की घरी जातो. परगावचा पाहुणा एका सामन्यासाठी महाग तिकीट घेतो, सदरा घेतो, टोपी घेतो, आणि तेथेच जेवतो. तेव्हा जुन्या माणसाची खुर्ची मोकळी झाली तर क्लबाचा तोटा होत नाही, फायदाच होतो. नियम यादीतल्या तरुणासाठी केला आहे की पाहुण्याच्या पाकिटासाठी केला आहे, अशी शंका तिकडच्या पाठीराख्यांना येते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नियमाचा हेतू ओळखायचा असेल तर एकच पाहावे: मोकळी झालेली खुर्ची शेवटी कोणाला मिळाली?

आता मला फुटबॉलचे वेड कोठून लागले ते सांगतो. माझे आई-वडील ऊसतोड कामगार आहेत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमचा कोयता कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर होता. आम्ही उसाच्या पाचटाच्या कोपीत राहत होतो. ज्या शेतकऱ्याचा ऊस आमची टोळी तोडत होती त्याच्या मुलाने एका दुपारी मला आपल्या मोटरसायकलवर बसवून शाहू स्टेडियमवर नेले. मी असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ या नावांवर तेथे माणसे जीव टाकतात. ज्या गावाने मल्ल घडवले त्याच गावाने तालमीच्या नावाने फुटबॉलही वाढवला. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवशी मला कोण खेळते आहे हे कळत नव्हते. माझ्या अंगावर पाचटाची खाज होती आणि पायांत चप्पल नव्हती. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सरकून मला पायरीवर जागा दिली आणि म्हणाले, "बस की रं बाळा, उभा कशाला?"

त्या पायरीवर कोणाची हजेरी लागत नव्हती. तरी पायऱ्या भरलेल्या होत्या. यावरून कोणी म्हणेल की, खरे प्रेम असेल तेथे नियमाची गरजच नाही. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. पण प्रेम असूनही पायऱ्या रिकाम्या राहतात हेही आपल्याच राज्यात घडलेले आहे.

जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर चार देशांची स्पर्धा झाली. १ जूनला भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. आणि हे पाहायला प्रेक्षक किती होते? २,५६९! सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशाचा संघ, मुंबईसारखे शहर, आणि आमच्या नेकनूरच्या बाजारात एखाद्या सकाळी जमावे एवढे लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाईलवरून देशातल्या लोकांना हात जोडून विनंती केली. आमचा खेळ युरोपएवढा चांगला नाही हे मान्य आहे, पण मैदानावर या, आम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर तोंडावर द्या, पण या, अशा अर्थाचे ते बोलणे होते. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा सामना होता. धो धो पाऊस होता. पण सगळी तिकिटे संपली होती, आणि भारताने तो सामना ३-० असा जिंकला.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली ही की, 'या' म्हणणारा माणूस जिव्हाळ्याचा असेल तर लोक पावसातही येतात. कोणत्याही यंत्राने, कोणत्याही दंडाने त्या रात्री ते मैदान भरले नसते. दुसरी गोष्ट अशी की, हजेरीचा नियम ही सुबत्तेतली गोष्ट आहे. जेथे खुर्च्या ओस पडल्या आहेत तेथे न येणाऱ्याची खुर्ची काढून द्यायची कोणाला? जेथे बाहेर कोणी ताटकळत उभा आहे तेथेच हा प्रश्न उत्पन्न होतो. म्हणून नियम योग्य की अयोग्य हे ठरवताना आत बसलेल्याकडे पाहण्याअगोदर बाहेर उभा असलेला कोण आहे हे पाहिले पाहिजे.

खुर्ची कोणाची, या एका प्रश्नावरून आपल्या मुंबईत आख्खे मैदान उभे राहिले आहे हे किती जणांना माहीत असेल? पूर्वी मुंबईचे कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामने भरवायचे ते मुंबई क्रिकेट असोसिएशनने. क्लबाच्या सभासदांना किती जागा आणि असोसिएशनला किती, यावरून उभयतांत वर्षानुवर्षे वाद होता. अखेर त्या वेळचे असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे विधानसभेचेही अध्यक्ष होते, यांनी जवळच नवे मैदान बांधून काढले. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. जागेचा वाद मिटला असे सर्वांना वाटले असेल. पण २ एप्रिल २०११ रोजी त्याच मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तेव्हा सुमारे ३३ हजार खुर्च्यांपैकी सामान्य लोकांना विकण्यासाठी चार हजारांच्या आसपासच तिकिटे उरली होती. बाकीच्या खुर्च्या संस्था, संलग्न क्लब, सभासद आणि मानकरी यांच्या. म्हणजे मैदान बदलले, नाव बदलले, पण बाहेरचा माणूस बाहेरच राहिला! ज्याची जागा हक्काने ठरलेली असते तो येतो की नाही हे कोणी विचारत नाही, आणि जो येण्यासाठी तडफडतो त्याला जागा नसते. अशा ठिकाणी कोणी 'या, नाही तर जागा सोडा' असे म्हणाले तर मी टाळ्याच वाजवीन. आमच्या वाढपी पोराचा रुमालाचा मुद्दा येथे सोळा आणे खरा आहे.

मग आचारीमामा चुकले काय? नाही. कारण न येणारे सगळेच काही मानकरी नसतात.

ऊसतोडीत 'खाडा' हा शब्द फार भयंकर आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर तोडणी करून ती फेडायची असते. ज्या दिवशी कामावर जाणे झाले नाही तो खाडा. खाड्याचा दंड उचलीत वाढतो. ताप आला तरी खाडा, बाळंतपण आले तरी खाडा. वहीत रेघ ओढणारा माणूस 'का?' असे विचारत नाही. त्याला फक्त आकडा हवा असतो. २०१९ साली आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. पाळीच्या त्रासाने खाडे पडू नयेत म्हणून बायामाणसांवर अशी पाळी यावी! 'का?' न विचारता नुसती हजेरी मोजत गेले की गोष्ट कोठवर जाते, हे आमच्या जिल्ह्याइतके कोणी पाहिलेले नाही.

आता माझी स्वतःची हकिगत. गेल्या वर्षी मी पहिल्या वर्षात असताना मायची कंबर धरली. कोयता अर्धा झाला. अण्णांचा फोन आला. मी सहा आठवडे तिच्या जागी ऊस तोडायला गेलो. परत आलो तेव्हा सूचनाफलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागलेली होती आणि तिच्यात माझे नाव होते. ७५ टक्के हवेत, माझे ५८ भरले होते. त्याच यादीत अशीही नावे होती की जी रोज बसस्थानकावर चहा पीत बसत. कागदावर आम्ही सारे एकाच रांगेत होतो. मला राग आला हे खोटे सांगत नाही. मी मनात म्हणालो की, त्यांनी सामना बुडवला आणि मी तर दुसऱ्याच मैदानावर राबत होतो. आम्हा दोघांना एकच माप कसे?

मी अर्ज लिहिला नाही. काय लिहायचे? 'ऊस तोडत होतो' असे लिहायची लाज वाटली. शेवटी एका सरांनी मला व्हरांड्यात थांबवून विचारले, "काय रे, कुठे होतास इतके दिवस?" मी माझे तळहात पुढे केले. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला अर्जाचा मजकूर सांगितला. नियमातच सवलतीचे एक कलम होते. ते मला ठाऊक नव्हते, आणि यादी लावणाऱ्या कागदावर ते लिहिलेले नव्हते. मी परीक्षेला बसलो आणि पास झालो.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मी हजेरीच्या नियमाविरुद्ध लिहितो आहे. तसे नाही. उलट एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. यंदा दिवाळीनंतर अण्णा पुन्हा म्हणाले, "चल महिनाभर. तुह्या कालेजात काय रोज मोळ्या मोजतेत व्हय?" मी म्हणालो, "मोजतेत, अण्णा. पंचाहत्तर टक्के लागतेत. नाही भरले तर परीक्षेला बसू देत नाहीत." अण्णा गप्प झाले. ज्या माणसाला जन्मभर खाड्याचा हिशेब द्यावा लागला त्याला हजेरीची भाषा चटकन समजते. माझी धाकटी बहीण अकरावीत आहे. तिला पाहायला पाहुणे येणार होते. तिनेही हेच उत्तर दिले. "हजेरी कमी पडंल" या तीन शब्दांनी तिचे ते पाहणे टळले; निदान यंदा तरी. तेव्हा माझ्या लक्षात आले की, जो नियम सूचनाफलकावर मला फास वाटला होता तोच घरात आमची ढाल झाला होता. श्रीमंताच्या मुलाला हजर राहण्यासाठी नियम लागत नाही. गरिबाच्या मुलाला, त्यातून मुलीला, हजर राहण्याचा हक्क मागायला कोणाचा तरी आधार लागतो. नियम मोडीत काढला तर बसस्थानकावरच्या मित्रांचे काही बिघडणार नाही. आमचे मात्र नाव वहीत राहील आणि शरीर फडात.

म्हणून मी आचारीमामांच्या बाजूचाही नाही आणि वाढपी पोराच्या बाजूचाही पुरता नाही. फुटबॉलच्या खुर्चीबद्दल आणि वर्गातल्या बाकाबद्दल माझे मत एकच आहे, आणि ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा: माणूस मोजण्यापेक्षा जागा भरली की नाही ते मोजावे. ज्याने आपले तिकीट शेजारच्या पोराला दिले, भावाला दिले किंवा क्लबाला परत केले, त्याने खुर्ची रिकामी ठेवलेली नाही. काही क्लब अशी दिलेली तिकिटे हजेरीत धरतात. काही म्हणतात, स्वतःच आले पाहिजे. मला पहिली रीत न्याय्य वाटते. रात्रपाळीचा कामगार आपली खुर्ची एखाद्या पोराला देतो तेव्हा तो एक नवा पाठीराखा तयार करत असतो. कोल्हापूरच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सरकून मला जागा दिली नसती तर हा लेखच लिहिला गेला नसता. वर्गात हे लागू पडत नाही हे मला कळते; माझ्या जागी दुसऱ्याने इतिहास ऐकून मला पास होता येणार नाही. पण ऐकायचे राहिले ते भरून काढायची सोय करता येते. एका हंगामात बुडालेले तास उन्हाळ्यात भरून घेता आले तर नियमही राहील आणि मुलेही राहतील.

दुसरा मुद्दा: नाव खोडण्यापूर्वी एकदा विचारावे. यंत्राला 'का?' विचारता येत नाही, माणसाला येते. कोणी म्हणेल, नियम सर्वांना सारखा हवा, विचारत बसलो तर वशिलेबाजी होईल. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहे. सवलत कोणत्या कारणाला मिळते ते आधीच लिहून, यादीच्या शेजारीच लावावे. आजारपण, घरातले दुखणे, पोटापाण्याचे स्थलांतर, अशी दोन-चार कारणे स्पष्ट असली की वशिल्याला जागा उरत नाही. वशिला चालतो तो अंधारात. सवलतीचे कलम कोणालाच माहीत नसते तेथे.

तिसरा मुद्दा: मोकळी झालेली जागा कोणाला जाते ते उघड असावे. क्लबाने शंभर खुर्च्या काढून घेतल्या तर त्या यादीतल्या शंभर जणांनाच मिळाल्या, पाहुण्यांना चढ्या भावाने विकल्या नाहीत, हे दाखवावे. तसे दाखवता आले तर जुना पाठीराखाही कुरकुर करणार नाही. आपली जागा आपल्यासारख्याच कोणाला मिळाली, याचे माणसाला दुःख कमी होते.

आमच्याकडे कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. दूरदूरहून पालख्या आणि दिंड्या येतात. आमच्या गावातल्या निम्म्या माणसांचे कोयते तोवर कारखान्यावर गेलेले असतात. कित्येक वर्षे अण्णांना यात्रा घडलेली नाही. पण म्हणून त्यांची जागा गेली असे कोणी म्हणत नाही. शेजारचे काका प्रसाद आणून आमच्या दाराच्या कोनाड्यात ठेवतात आणि पुढच्या वर्षीची वर्गणी मागताना अण्णांचे नाव घेतातच. गेलेला माणूस परत येणार आहे, हे धरून चालण्याची ही रीत आहे. मोठ्या क्लबांना आणि मोठ्या संस्थांना ती शिकण्यासारखी आहे.

हा अंक हाती येईल तेव्हा कारखान्यांचे पट्टे पडू लागले असतील आणि फाट्यावर कोयते भरून आलेले ट्रॅक्टर दिसू लागतील. त्यांतून आमच्या वर्गातले दोघे जण उतरणार आहेत. एकाला आई-वडिलांबरोबर जावे लागले, दुसरा भावाच्या जागी गेला. त्यांची हजेरी भरलेली नाही हे मला ठाऊक आहे. यंदाची यादी अजून लागलेली नाही. ती लागेल तेव्हा तिच्याशेजारी सवलतीचे कलमही लागावे, एवढी आमच्या गुरुजनांना नम्र विनंती आहे. आणि वर्गमित्रांनो, आपल्यालाही एक काम आहे. मी माझ्या वह्या काढून ठेवल्या आहेत. ज्यांची अक्षरे माझ्यापेक्षा बरी आहेत त्यांनीही आपापल्या आणाव्यात.